मदत हवी आहे: छोट्या पॉमेरेनियनसाठी ड्राय फूड कोणतं घ्यावं?

आमचा पॉम सहा वर्षांचा, वजन साडेतीन किलो, नसबंदी झालेली. राहतो दादरला. सध्याच्या ड्राय फूडचे दाणे त्याला मोठे पडतात. एक उचलतो, फरशीवर ठेवतो, चाटत बसतो आणि निघून जातो. कोमट पाण्यात भिजवलं की खातो, पण रोज भिजवलेलं द्यायचं नाही. डॉक्टरांनी दात तपासले, ठीक आहेत. चिकन चालतं, ॲलर्जी नाही. मोठी पिशवी नको, पावसाळ्यात उघडलेलं पाकीट लगेच सादळतं. जुन्यात मिसळत सात-दहा दिवसांत बदलायचं, हे माहीत आहे.

अडलंय इथे: लहान जातींच्या खाण्यात कॅलरी जास्त असतात आणि नसबंदीनंतर वजन पटकन वाढतं. मग 'स्मॉल ब्रीड ॲडल्ट' घेऊ की नसबंदी झालेल्यांसाठीचं? बारीक दाण्याचं, एक-दीड किलोच्या पाकिटात मिळणारं तुम्ही कोणतं देता?