विहिरीच्या दगडात हिरवट खडे मिळालेत, नवीन खनिज असू शकतंय काय?

चिक्कोडी_शेतकरी:
नमस्कार मंडळी. आमच्या चिक्कोडी तालुक्यातल्या शेतात विहीर खोल करालोय, ४० फुटाखाली काळा पाषाण लागला म्हणून सुरुंग लावले तर फुटलेल्या दगडात पोकळ्या निघाल्या, आत पांढऱ्या केसासारख्या सुया आणि त्यांच्या मधोमध फिकट हिरवे चौकोनी खडे, टोकाला निमुळते. सुया इतक्या बारीक की फुंकर मारली तर हलतात. कामगार म्हणाले गारगोटी आहे, टाका बांधावर. खरं मला पटंना. रात्री दोन वाजेपर्यंत इंटरनेटवर फोटो ताडून बघितले, एकपण नीट जुळंना. नवीन खनिज असलं तर ते कोण ठरवतंय, कुठं कळवायचं, आणि आमच्या गावाचं नाव देता येतंय काय? चुलतभाऊ म्हणालाय अ‍ॅसिडनं धुवून ऑनलाइन विकूया. बादलीभर आहेत.

खानापूरचा_जांभा:
दादा, आधी अ‍ॅसिडची बाटली लांब ठेवा. मी कॉलेजात असताना असाच सुयांचा एक तुकडा चमकेल म्हणून संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये रात्रभर ठेवला होता, सकाळी बघतोय तर सुया गायब आणि दगडावर नुसता जेलीसारखा बुळबुळीत थर. नंतर कळलं की स्कोलेसाइट, मेसोलाइट ही सुयांची मंडळी त्या अ‍ॅसिडमध्ये अशीच विरघळून जेली होतात. अजून वाईट वाटतंय, तसला तुकडा परत मिळाला नाही.
हिरवे खडे मला तरी अ‍ॅपोफिलाइट नावाचं खनिज वाटालेत. सुट्टा पडलेला एक तुकडा घेऊन बघा, आडवा सपाट फुटतो आणि त्या सपाट बाजूला मोत्यासारखी झाक दिसते. चाकूच्या पोलादी टोकानं ओरखडा उठतो, काचेवर मात्र त्याचा उठत नाही. गारगोटी असती तर काच सरळ कापली असती.

धारवाडची_भूविज्ञान:
वरच्या भावांनी बरोबर सांगितलंय, फोटोशिवाय मीपण अ‍ॅपोफिलाइटच म्हणेन, पुण्याकडच्या खाणीतला हिरवा रंग तर व्हॅनेडियममुळं येतो. खरं दादांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, नवीन खनिज ठरतं कसं. रंगावर ठरत नाही, आकारावरपण नाही. आत कुठली मूलद्रव्यं किती आहेत आणि अणू कसे रचलेत, दोन्ही बघावं लागतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंजर्द कॅव्हन्साइट बघितलं असेल, ते आणि पेंटॅगोनाइट दोघांचं रासायनिक सूत्र अगदी एकच, कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी. तरी खनिजं दोन, कारण सिलिकाच्या कड्या एकात चारच्या आणि आठच्या, दुसऱ्यात सहाच्या. दोघांची पहिली नोंद आपल्याकडची नाही, अमेरिकेतल्या ओरेगॉनची, १९७३ ची. उलटपण होतंय, रचना तीच खरं एका जागी सोडियमऐवजी कॅल्शियम जास्त निघालं तर नाव बदलतं, स्टिल्बाइट या खनिजाचं तसंच झालंय.
त्यासाठी मायक्रोप्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत टाकून बारीक कणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, रासायनिक विश्लेषण, क्ष-किरणांनी रचना, शिवाय कठीणपणा, घनता, प्रकाशाचे गुणधर्म असं सगळं जमवून आंतरराष्ट्रीय खनिज संघटनेच्या आयोगाकडं प्रस्ताव पाठवायचा. वेगवेगळ्या देशांचे सदस्य मतदान करतात, मंजूर झालं की मूळ नमुना एखाद्या संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. आजवर ६००० च्या वर खनिजं मान्य झालीत आणि दरवर्षी साधारण शंभरेक भर पडते, म्हणजे दार बंद नाही.

चिक्कोडी_शेतकरी:
ताई, लई आभार. काचेवर घासून बघितलं, ओरखडा नाही आला, आणि आडवं फुटलेल्या बाजूला मोत्यासारखी झाक पण आहे. म्हणजे आपल्या गावाचं नाव द्यायचं राहून गेलं म्हणायचं?

धारवाडची_भूविज्ञान:
गावाचं नाव देता येतं की, पहिल्यांदा जिथं सापडलं त्या जागेवरून कितीतरी खनिजांना नावं आहेत. स्वतःचं नाव मात्र स्वतः द्यायचं नसतं. पुण्याचं नावपण एका खनिजाला होतं, पूनाहलाइट, १८३१ मध्ये ठेवलेलं, पुढं तपासल्यावर ते मेसोलाइटच निघालं आणि नाव गेलं. मध्य प्रदेशातल्या सीतापारचं सीतापाराइट असंच आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं. म्हणून म्हणते घाई नको. खरं तुमच्याकडं मोठ्या खड्यांपेक्षा पोकळीच्या भिंतीला चिकटलेला बारीक थर नीट बघा, नवीन काही असलं तर बहुतेक तसल्याच मिलीमीटरभर कणात असतं. खडे सोलून काढू नका, काळ्या दगडासकट ठेवा. विहिरीची कुठली बाजू, किती फूट, ते त्याच दिवशी लिहून ठेवा, पत्त्याशिवायचा नमुना अभ्यासाला कवडीमोल. इथं कर्नाटक विद्यापीठात भूविज्ञान विभाग आहे, दोन तुकडे घेऊन या.

खानापूरचा_जांभा:
दादा, कापसात नको, सुयांना तंतू चिकटतात. मऊ टिश्यू पेपर आणि चपलेचा खोका बरा.

चिक्कोडी_शेतकरी:
चपलेच्या खोक्यात ठेवलेत. पूर्वेची भिंत, ४३ फूट, असं पाटीच्या पेन्सिलनं त्या दगडावरच लिहिलंय. भिंगातून बघितलं तर सुयांच्या बुडाला एक तपकिरी, साखरेसारखा दाणेदार थर आहे, तो तुम्हा दोघांपैकी कुणाच्याच वर्णनात बसंना. त्या बाजूचे सुरुंग थांबवायला सांगितलंय, चुलतभाऊ जरा रागावलाय. सोमवारी सकाळच्या बसनं धारवाडला येतोय ताई.