फास्ट फेमिनाइज्ड म्हणजे ऑटोच ना?

कुंडीवाला:
मी राहतो तिथे घरी गांजाची झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे, तेव्हा तो वाद इथे नको. पाकिटावर 'फास्ट फ्लॉवरिंग फेमिनाइज्ड, ७ आठवडे' असं छापलेलं, मी आपला ऑटो, म्हणजे वय झालं की आपोआप फुलणारं, समजून पेरलं. आता नववा आठवडा चालू आहे, झाड कमरेएवढं झालंय, पानं हिरवीगार पण फुलाचा पत्ता नाही. लाइट १८ तास असतो. बी खराब निघालं की मला गंडवलं?

निशाचर:
गंडवलं नाही रे, शब्दात फसलास. ऑटो वयावर फुलतं, तीन-चार आठवड्यांचं झालं की लाइट कितीही असो. फास्ट म्हणजे सहसा साध्या झाडाचा आणि ऑटोचा संकर, पण ऑटोपणा आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, इथे एकाकडूनच आलाय, त्यामुळे पोरगं लांब रात्रीची वाट बघत बसतं, अगदी शेवंतीसारखं. फक्त एकदा सुरू झालं की इतरांपेक्षा आठवडा-दोन आठवडे आधी उरकतं. तुझ्या १८ तासांत त्याचा अजून उन्हाळाच चालूय. आणि ते ७ आठवडे पेरल्यापासून नाही, फुलायला लागल्यापासून मोजायचे. हे पाकिटावर धड लिहायला काय जातं यांचं!

कुंडीवाला:
च्यायला. म्हणजे १२ तास अंधार. पण फेमिनाइज्ड आहे तर नर निघायची भीती नाही ना?

पपईची आई:
नर झाड सहसा नाही निघणार. असं बी बनवताना मादी झाडात चांदीच्या क्षाराने इथिलीनचं (झाडातलंच एक संप्रेरक) काम अडवतात, मग तीच नराची फुलं काढते, त्या परागात वाय क्रोमोसोम नसतोच, म्हणून सगळ्या पोरी. पण मादीवर नर फुलं येऊ शकतात ते वेगळं. माझा टायमर बिघडला होता, रात्री मध्येच लाइट लागायचा, मला दहा-बारा दिवस कळलंच नाही, मग बघते तर फुलांच्या मधून केळ्यांच्या इवल्या फण्यांसारखे पिवळे पुंकेसर, आणि शेवटी हातात काय तर बियाच बिया 😑 तुझ्या झाडाचं लिंग एव्हाना दिसायला हवं. पानाचा देठ खोडाला मिळतो त्या पेराशी बघ, दोन पांढरे केस म्हणजे मादी, बारीक देठावर गोळी म्हणजे नर.

निशाचर:
आणि अशा बिया निघाल्याच तर पुढे पेरताना लक्षात ठेव, एकट्या झाडाने स्वतःशीच धरल्या असतील तर साधारण चारातलं एक ऑटो निघेल. त्या नादात परत इथे 'गंडवलं' म्हणून येशील.

कुंडीवाला:
😂 टॉर्च मारून बघितलं, वरून चौथ्या पेराशी दोन पांढरे केस आहेत. आजपासून १२ तास.

पपईची आई:
कमरेएवढं म्हणालास ना? फुलायला लागल्यावर दुप्पट उंच होऊ शकतं. वर लाइट किती अंतरावर आहे?

कुंडीवाला:
दीड वीत 🤦