चिनी कॅथलिक समाज धर्मगुरूंवाचून कसा टिकला?

प्रश्न (वसईकर): आमच्याकडे धर्मग्राम म्हटले की चर्च, शाळा आणि सिस्टरांचे कॉन्व्हेंट एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. चीनमध्ये १७२४ साली योंगझेंग बादशहाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि ती १८४४ नंतरच सैल झाली. या शंभराहून अधिक वर्षांत तिथल्या श्रद्धावंतांचे धर्मजीवन कोणी चालवले, आणि पुढे उभ्या राहिलेल्या संस्थांचे काय झाले?

उत्तर (रेवदंडेकर): मुख्यतः गावातल्या माणसांनी. प्रत्येक समूहाचा हुईजांग नावाचा प्रापंचिक (म्हणजे धर्मगुरू नसलेला) प्रमुख असे. रविवारची सामूहिक प्रार्थना, धर्मशिक्षण, अंत्यविधी आणि मरणासन्न बालकाचा बाप्तिस्मा ही कामे तो पाहत असे, कारण धर्मगुरू फार तर वर्षातून एकदा फिरकत. त्याहून मला महत्त्वाच्या वाटतात त्या घरीच राहून अविवाहित जीवनाचे व्रत पाळणाऱ्या स्त्रिया. सिचुआनमध्ये बिशप मार्तिलिया यांनी १७४४ साली त्यांच्यासाठी नियमावली घालून दिली आणि पुढे मोये या फ्रेंच धर्मगुरूंनी त्यांच्यावर मुलींना शिकवण्याचे काम सोपवले. कॉन्व्हेंट नव्हते म्हणून धर्मभगिनी नव्हत्या, असे समजणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे १७४० मध्ये चौल पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेल्यावरही जवळच्या कोर्लईच्या कॅथलिकांनी धर्म आणि आपली पोर्तुगीज वळणाची बोली दोन्ही राखली, हेही या संदर्भात आठवावे.

उत्तर (अलिबागहून एक वाचक): वरील उत्तरात एक भर घालतो. बंदीच्या काळातही चिनी धर्मगुरू होते. सिचुआनमधील ली आंद यांनी १७४६ पासून सतरा वर्षे लॅटिनमध्ये रोजनिशी लिहिली.

संस्थांबाबत शांघायचे शूज्याहुई पाहावे. जेझुइट या कॅथलिक संघाचे इटालियन धर्मगुरू मातेओ रिची यांचे सहकारी, १६०३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले मिंग दरबारातील अधिकारी शू ग्वांगची यांच्या घराण्याची ही वस्ती. जेझुइटांनी १८४७ पासून तिथे ग्रंथालय, अनाथाश्रम आणि वेधशाळा उभी केली. वेधशाळा जहाजांना चक्रीवादळाचे इशारे देत असे, आणि अनाथाश्रमातली मुले छपाई, सुतारकाम व चित्रकला शिकत. (चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे मोल आपल्या किनाऱ्याला वेगळे सांगायला नको.) १९४९ नंतर शाळा-महाविद्यालये सरकारकडे गेली. बीजिंगचे कॅथलिक फू-रेन विद्यापीठ १९५२ मध्ये इतर संस्थांत विलीन झाले आणि १९६१ मध्ये तैवानात पुन्हा उभे राहिले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग आज 'सरकारी' आणि 'भूमिगत' असे दोन चर्च आहेत, हे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर (रेवदंडेकर): ढोबळमानाने, आणि तेही जपून. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारमान्य कॅथलिक देशभक्त संघटनेत नोंद करायची की नाही, यावरून फूट पडली. पण एकाच कुटुंबातील माणसे दोन्हीकडे आढळतात. बिशपांच्या नेमणुकीबाबत व्हॅटिकनने २०१८ मध्ये चीन सरकारशी तात्पुरता करार केला आणि २०२४ मध्ये तो चार वर्षांसाठी वाढवला. माझ्या मते या कराराने वादाचे स्वरूप बदलले. वाद मिटलेला नाही.