सारंगी साथीला आली की मोनोफनी उरते का?

'हिंदुस्तानी संगीत मोनोफोनिक (एका वेळी एकच चाल), पाश्चात्त्य पॉलिफोनिक (एका वेळी अनेक चाली)' अशी वाटणी केली जाते, ती मला फार ढोबळ वाटते. निखळ मोनोफनी ऐकायची तर युरोपातलंच ग्रेगोरियन चँट (चर्चमधलं जुनं लॅटिन प्रार्थनागायन) ऐका. सगळे एकच चाल गातात, खाली ना षड्ज धरलेला, ना कॉर्ड (एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गट). गाणारे किती, याने फरक पडत नाही. बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतराने तीच चाल गायले तरी ती मोनोफनीच.

ख्यालात मात्र तानपुरा सतत सा आणि बहुधा प धरून असतो आणि सारंगी किंवा हार्मोनियम गायकाचीच चाल किंचित मागून, स्वतःच्या हरकती घालत वाजवते. एका चालीची दोन रूपं एकाच वेळी कानावर पडतात, ही हेटरोफनी. माझ्या मते तर मैफलीची अर्धी गंमत या मागेपुढे होण्यातच आहे. (संगतकार गायकाला अगदी चिकटून वाजवायला लागला की कंटाळा येतो!)

पॉलिफनीत चाली स्वतंत्र असतात, जर्मन संगीतकार बाखच्या फ्यूगसारख्या (एकच कल्पना एकेक आवाज मागून उचलतो, अशी रचना). चर्चमधल्या साध्या 'हिम'मध्ये (स्तोत्रात) वरची चाल प्रमुख, बाकीचे आवाज कॉर्ड भरतात, म्हणून ती होमोफनी.

आता बाखचेच एकल चेलोचे (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) 'सूट', म्हणजे छोट्या रचनांच्या मालिका घ्या. बराच वेळ एका वेळी एकच स्वर वाजतो, पण खालच्या-वरच्या स्वरांवर आलटूनपालटून उड्या घेतल्याने दोन आवाज चालू असल्याचा भास होतो. हे कुठल्या खणात टाकाल?