पोरगा म्हणतो कॉलेज नको, जकार्डवर (नक्षी विणायच्या मागावर) बसतो. तुमचं काय मत?

धोटा:
घरातलं भांडण इथं आणतोय, माफी असावी. भाचा बारावी कॉमर्स झाला, 61 टक्के. दाजी म्हणतात बी.कॉम.ला घाल. पोरगा म्हणतो, मामा, मी सोलापुरातच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझायनरच्या हाताखाली बसतो. माझे वडील पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून जकार्डवर नक्षी चढवायचे. आता काँप्युटरवर नक्षी काढायची आणि फाईल यंत्राला द्यायची. चांगला डिझायनर मिळत नाही म्हणून मालक लोक कपाळावर हात मारून बसलेत. उलट आमच्या गल्लीत तीन बी.कॉम. आहेत. एक मेडिकलमध्ये काउंटरला, एक कुरिअरला, एक पाच वर्षं अभ्यासिकेत. मी पोराच्या बाजूचा आहे. तीन वर्षं हजेरीपुरतं कॉलेजात बसून काय मिळणार?

अभ्यासिका_चौथं_वर्ष:
अभ्यासिकेतला तो मीच असेन काका. 2023 ची तलाठी भरती आठवा. 4644 जागा, दहा लाखांवर अर्ज, आणि अट पदवीची. तुमच्या भाच्याला फॉर्मसुद्धा भरता आला नसता. डिग्रीनं नोकरी मिळत नाही हे मला शिकवू नका, मी रोज भोगतोय. पण डिग्री नसेल तर रांगेत उभंच करत नाहीत.

धोटा:
दहा लाखांच्या रांगेत उभं राहायला मिळणं, हा फायदा म्हणायचा का बे?

सात_रस्ता:
सरकार डिग्रीला काय भाव देतं ते बघा. 2024 च्या आषाढीला आपल्याच पंढरपुरात मुख्यमंत्र्यांनी युवा कार्य प्रशिक्षण योजना सांगितली. बारावीवाल्याला महिना 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000. म्हणजे हातात पाना धरता येणाऱ्यापेक्षा कोरा बी.ए. दोन हजारांनी महाग. हे कोणत्या हिशोबात बसतं? आणि दुसरीकडे सगळे मंत्री ‘कौशल्य, कौशल्य’ करत फिरतात.

वेणी_विडी:
धागाकर्त्या दादांना मनापासून विरोध. माझी आई विड्या वळायची, घरात सूप मांडीवर घेऊन. आजीपण तेच. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, बी.कॉम.च, तेही सेकंड क्लास. त्या तीन वर्षांत अकाउंट्स किती शिकले ते विचारू नका. पण रोज सकाळी बाहेर पडायला कारण मिळालं. इंग्रजीत अर्ज लिहायला शिकले, बँकेत मॅनेजरशी नजर वर करून बोलायला शिकले, आणि ‘पोरगी शिकतीय’ एवढ्या दोन शब्दांवर लग्न पाच वर्षं लांबलं. आज एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघते. ‘हजेरीपुरतं बसून काय मिळणार’ हे त्यानं म्हणावं, ज्याच्या घरात आधीच कुणीतरी बसून आलंय.

आकडेबाज:
भावनेत गेलात ताई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2024 चा भारतातल्या रोजगाराचा अहवाल आहे. 2022 साली तरुण पदवीधरांत बेकारी 29.1 टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. जितकं शिकाल तितके बेकार.

वेणी_विडी:
आकडा बरोबर असेल, अर्थ उलटा लावलात. माझी आई एक दिवस बेकार नव्हती. बेकार राहणं तिला परवडतच नव्हतं. तिला त्या 3.4 च्या बाहेर मोजून ‘बघा, काम मिळालं’ म्हणणार का? पदवीधर पोरगा घरी बसतो कारण बाप दोन वर्षं पोसतो.

जुनी_मिल_नातू:
ताईंना माझा एक जादा मुद्दा. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये विणकर, 1877 सालची ती मिल. हातात कसब असं की दोऱ्यावर नुसतं बोट फिरवून सुताचा नंबर, म्हणजे जाडी, सांगायचे. मिल बंद पडली आणि कसबाला कुणी विचारेना. पुढं मंडईत लिंबं विकली. कसब यंत्राला बांधलेलं असतं हो, यंत्र गेलं की तेही जातं. आता एआयला चार ओळी लिहून द्या, मोर, कोयरी, पाहिजे ती नक्षी हजर. भाच्याची नक्षी दहा वर्षांनी कोण विकत घेणार?

धोटा:
नक्षी काढणं आणि ती टॉवेलवर उतरणं यात फरक आहे. कागदावरचा मोर टेरीच्या (टॉवेलच्या फासेदार कापडाच्या) फासात गेला की त्याची कोंबडी होते. किती पिक (आडवे धागे), कुठं फास उचलायचा, हे मागाजवळ उभं राहूनच कळतं. एआयनं काढलेलं डिझाइनसुद्धा कुणीतरी दुरुस्त करणारच की. आजोबांबद्दल मात्र बोलायला तोंड नाही. माझ्या बापाच्या कार्डांचंही तेच झालं.

तासिकेवरचा_मास्तर:
मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणून दोन्हीकडचं दिसतं. पहिल्या बाकावर पाचजण, बाकीचे परीक्षेला भेटतात. तरी एक सांगतो, ‘एकतर कॉलेज नाहीतर काम’ हा वाद जुना झाला. नव्या शिक्षण धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं (उन्हाळ्यात कामाचे चार क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, करून), तीन वर्षांत परत येता येतं, क्रेडिट खात्यात जमा राहतात. ते नको असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. दिवसा कारखाना, रविवारी पुस्तक. ती पदवी स्पर्धा परीक्षेला चालते. कागदावर हे सगळं छान आहे. मधे बाहेर पडून परत आलेला विद्यार्थी मी अजून वर्गात पाहिलेला नाही, हेही सांगून टाकतो.

हुतात्मा_पकडतो:
पुण्यात कंपनीत भरती बघतो. खरं सांगू? कौशल्य बघायला आम्हाला वेळ नसतो. तीनशे अर्ज येतात, पहिली चाळणी ‘पदवी आहे/नाही’. चूक आहे, मलाही कळतं. सोलापुरातच राहणार असेल तर डिझायनर होऊ दे. पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसायचं असेल तर कागद बरोबर ठेव म्हणावं.

सात_रस्ता:
म्हणजे डिग्री हे रेल्वेचं तिकीट. जागा मिळेल न मिळेल, टीसीसाठी पाहिजे.

वेणी_विडी:
धोटा दादा, सगळं वाचलं. एकच विचारते, टाळू नका. भाच्याच्या जागी भाची असती, बारावीला 61 टक्केच, आणि ती म्हणाली असती की मामा, कॉलेज नको, कारखान्यात बसते. तर तिच्याही बाजूनं उभे राहिला असता?

धोटा:
काल रात्री वाचलं, उत्तर आता देतोय. नसतो राहिलो. तिला म्हणालो असतो, आधी डिग्री हातात घे बाई, मग काय ते बघू. का, ते मलाच नीट सांगता येईना. पोरगा खालीच बसलाय, गाडी पुसतोय. दाजींना अजून फोन केला नाही.