गृहकर्जाची जादा परतफेड, परसबाग आणि संधिवात

प्रश्न (जळगाव): सहा वर्षांपासून मला संधिवात आहे, सकाळी बोटे इतकी आखडतात की भरताच्या वांग्यांच्या वाफ्यात खुरपे धरवत नाही, तरीही नोकरी सांभाळून मी दरमहा गृहकर्जात जादा रक्कम भरते. ती थांबवावी का?

उत्तर (धुळे): ताई, आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि औषधांचे पैसे बाजूला ठेवा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे पुढे केव्हाही भरता येईल. मात्र एकदा भरलेली रक्कम आजारपणात सहसा परत काढता येत नाही.

उत्तर (भुसावळ): मलाही हाच आजार आहे. मी कमरेइतक्या उंचीवर कुंड्या मांडल्या, ठिबक बसवले आणि खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. वैशाखात मात्र संध्याकाळीच बागेत जा.

प्रश्नकर्ती: ट्यूब आजच गुंडाळते.