वॉलपेपर निघाला, खळ भिंतीलाच राहिली. वरून पुट्टी मारली तर चालेल का?

डोंबिवलीपूर्व: रीसेलचा फ्लॅट घेतलाय. हॉलच्या एका भिंतीला आधीच्या मालकांचा सोनेरी वेलबुट्टीचा वॉलपेपर होता. ओढल्यावर वरचा प्लॅस्टिकचा थर सुळकन निघाला, पण खालचा पांढरा कागद आणि पिवळट खळ तिथेच. कोरडी असताना टणक, ओली केली की बुळबुळीत. रंगारी म्हणतो, "मॅडम, वरून पुट्टी मारतो, काही दिसणार नाही." दिसणार नाही, पण टिकेल का?

स्टिकरबहाद्दर: थिनर लावा, झटक्यात निघेल. ऑफिसच्या काचेवरचे स्टिकर आम्ही असेच काढतो.

लांबीवाले काका: काच वेगळी, भिंत वेगळी. थिनर नको ताई. बंद खोलीत वास डोक्यात जातो, आणि ही खळ पाण्याने सुटते, थिनरने नाही. बुळबुळीत होते म्हणताय, म्हणजे पिठाची किंवा सेल्युलोजची असणार. हौस असेल तर एका डागावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळाकाळा झाला तर पिठाची. चोळल्यावर रबरासारख्या वळ्या झाल्या असत्या, तर प्रकरण वेगळं होतं.

आधी भिंत नखाने खरवडून बघा. भुकटी पडली तर पीओपी, तिथे पाणी फार बेताने. नख चाललं नाही तर व्हाइट सिमेंटची पुट्टी, ती पाणी सोसते. त्या भिंतीवरच्या बोर्डाचा एमसीबी पाडा. सोसवेल इतकं गरम पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, झाडांच्या फवाऱ्यात भरा. हातभर पट्टा भिजवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. सगळ्यांची घाई इथेच होते. मग लांबीचा, म्हणजे पुट्टी लावायचा, पत्रा आडवा धरून कागद उचला. उभा धरलात की भिंतीत खड्डे. उरलेली खळ स्पंजने पुसा, पाणी सारखं बदला, नाहीतर तीच खळ परत भिंतीला माखते. व्हिनेगर घाला असं नेटवर सांगतात. मी नाही घालत, आंबट पाणी सिमेंट-चुन्याला कशाला पाजायचं?

रंगाऱ्याचं ऐकू नका. पुट्टीतल्या पाण्याने खालची खळ पुन्हा भिजते आणि वाळताना आकसते. वरचं काम पापड्या होऊन सुटतं, तोवर तो पैसे घेऊन गेलेला असतो.

डोंबिवलीपूर्व: काका, पुसलं, बरंच निघालं! पण खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत. पलीकडे बाथरूम आहे.

कळव्याची सून: ती बुरशी. व्हिनाइलचा कागद भिंतीला श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते. आमच्याकडेही हेच झालं होतं. आधी बाथरूमच्या फरशीचे सांधे आणि नळजोड तपासून घ्या. ओल चालू असताना रंगावर खर्च करू नका.

लांबीवाले काका: बरोबर. ते ठिपके कोरडे घासू नका, बुरशी घरभर उडेल; ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा. बाकीची भिंत पंखा लावून पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात जास्त वेळ लागेल. वाळल्यावर ओलं बोट फिरवा. अजून चिकट लागलं तर परत पुसा. इतकं करून कुठे पुसट थर राहिलाच, तर तिथे पाण्याचा नको, ऑइल प्रायमरचा हात द्या, म्हणजे खळ भिजत नाही. लांबी त्यानंतर. आणि रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा, प्रायमरचा डबा तुमच्यासमोर उघडायचा.